मूल गप्प आहे, तर खोदून विचारावं का?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात शिक्षकांचं प्रशिक्षण असलं की हा प्रश्न हमखास येतो : "मॅडम, पोराच्या घरी काहीतरी बिनसलंय हे दिसतं. पण आम्ही काही समुपदेशक नाही. विचारायचं कसं?"

विचारूच नका. निदान आधी तरी.

पाचवीतला एक मुलगा (ओळख पटेल असे तपशील बदललेत). बाप रात्री पिऊन आईला मारायचा. पोरगा वर्गात पेंगायचा आणि गुरुजी मागून गेले की दोन्ही हात डोक्यावर घ्यायचा. गुरुजी मायाळू. मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "काय व्हयनं रे?" दुसऱ्या दिवशी पोरगा शाळेत आलाच नाही.

सतत धास्तीत वाढलेल्या मुलाचं निम्मं लक्ष धोक्याची चाहूल घेण्यातच जातं. हे पटावं म्हणून प्रशिक्षणात मी गुरुजींना खाली बसवलं, बोलत राहिले आणि एका शिक्षिकेला त्यांच्या मागे डस्टर आपटायला लावलं. ते दचकले, हसले, मग म्हणाले, "तुम्ही आत्ता काय सांगत होता, तेच गेलं डोक्यातून."

मग त्यांनी पोराला भिंतीलगत, दार दिसेल असं बसवलं. मागे जाताना "मी तिकडे येतोय" असं सगळ्या वर्गाला सांगू लागले. फळ्यावर रोज सकाळी दिवसाचा क्रम लिहिला. पट्टी टेबलावरून कपाटात गेली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मारायला बंदी घातली, तरी 'नुसती धाकाला' पट्टी कितीतरी वर्गांत असते. अशा पोराला तेवढीच पुरते.

पाढे अजून कच्चेच आहेत. पण एकदा वह्या गोळा करताना तो आपणहून बोलला.

अशा वेळी ऐकायचं, उलटतपासणी नाही. "कुणाला सांगणार नाही" असं वचन तर मुळीच द्यायचं नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. मारहाण, उपासमार यांसाठी 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे.

"आणि बापच पिऊन शाळेत आला तर?" गुरुजींनी विचारलं. एकट्याने अडवू नका. पोराला मुख्याध्यापकांकडे बसवा, आईला फोन लावा, आवाज चढला तर 112.