तुम्ही व्हिडिओ कुठे थांबवता?

"मॅडम, मोबाइलवर भाषण ऐकताना अंगावर काटा येतो. वाटतं, बस्स, आता करून दाखवायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्तच गळून गेल्यासारखं वाटतं."

मी समुपदेशक आहे, आणि हे गाऱ्हाणं माझ्याकडे सारखं येतं. कधी एमपीएससीच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नातली मुलगी असते, कधी बाळंतपणानंतर कामावर परतलेली, कधी पन्नाशीची शिक्षिका. मोबाइलवरची भाषणंही साधारण तीच असतात, नाव कमावलेल्या कृष्णवर्णीय बायकांची. अमेरिकेतल्या टीव्ही निवेदिका ओप्रा विन्फ्री, तिथल्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मिशेल ओबामा, टीव्ही लेखिका शोंडा राइम्स, नायजेरियन कादंबरीकार चिमामांडा अदिची. शेवटी प्रश्नही एकच येतो, 'इतकं ऐकून माझ्यात काहीच फरक पडत नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे ना?'

नाशिकच्या एका सरकारी बँकेत अधिकारी असलेल्या बाई हाच प्रश्न घेऊन आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काम चोख, प्रमोशनच्या परीक्षेत दोनदा पास, आणि दोन्ही वेळा मुलाखतीला गेल्याच नाहीत. रिव्ह्यू मीटिंगमध्ये सगळं माहीत असून तोंडातून शब्द फुटत नाही, ही मुख्य तक्रार. त्यावर उपाय म्हणून रोज रात्री भांडी आवरली की इअरफोन लावून भाषणं ऐकायची. डायरीत वाक्यं उतरवलेली, हिरव्या शाईत, अक्षर मोत्यासारखं.

मी ज्या मुशीत शिकले तिथे एक सवय लावतात. भावना कितीही मोठी असली तरी तिच्या मागे दडलेलं वाक्य शोधायचं. म्हणून मी विचारलं, "भाषण संपलं, इअरफोन काढले. त्यानंतर मनात पहिलं काय येतं?"

"की हिने एवढ्या हालातून एवढं केलं. मला तर नवरा चांगला, नोकरी पक्की. मग मला काय धाड भरलीय?"

पाहा, प्रेरणा म्हणून ऐकलेलं भाषण अर्ध्या मिनिटात आरोपपत्र झालं! भाषण देणाऱ्या बाईने असं काही म्हटलेलं नसतं. ते आपण आपल्या पदरचं घालतो, आणि सकाळी जे गळून जायला होतं ते या पदरच्या वाक्यामुळे.

शिवाय आपण ऐकतो तेही निवडून. शोंडा राइम्स या अमेरिकेतल्या नामांकित टीव्ही मालिकाकर्त्या. 2014 साली डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात त्यांनी केलेल्या भाषणातलं 'नुसती स्वप्नं बघू नका, कामाला लागा' एवढंच लोकांच्या स्टेटसवर फिरतं. त्याच भाषणात त्या भाषणाच्या भीतीने तोंडाला कोरड पडते हे सांगतात. मी एका ठिकाणी यशस्वी दिसत असेन तेव्हा दुसऱ्या ठिकाणी नक्की कमी पडत असते, हेही सांगतात. आणि आपल्या मुली सांभाळणाऱ्या बाईंचे सगळ्यांसमोर आभार मानतात. नाव कमावलेल्या बायका घरातल्या मदतीबद्दल बोलत नाहीत, हे त्यांचं निरीक्षण. मिशेल ओबामांनी 2018 साली लंडनच्या एका मुलींच्या शाळेत सांगितलं, की आपल्या लायकीबद्दलची शंका अजून पूर्णपणे गेलेली नाही. व्हाइट हाउसमध्ये आठ वर्षं राहून आलेली बाई हे म्हणते! माझ्या बँकवाल्या बाईंनी ही दोन्ही भाषणं ऐकली होती. त्यांच्या डायरीत यातलं एक अक्षर नव्हतं.

इथपर्यंत मी एरवीही पोचते. पुढचं झालं ते मात्र एका साध्या प्रश्नाने.

त्यांनी सर्वांत जास्त वेळा पाहिलेलं भाषण होतं ओप्रा विन्फ्री यांचं, जानेवारी 2018 मधल्या गोल्डन ग्लोब या सिनेमा-टीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यातलं. जीवनगौरवासारखा तो सेसिल बी. डमिल पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. मी विचारलं, "हे इतक्यांदा बघता, तर सलग बघता की मध्ये कुठे थांबवता?"

त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "सुरुवातीलाच थांबवते. मागे नेते. परत बघते."

"कुठे?"

"ती आई दारातून आत येते ना, तिथे."

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. ओप्रा सांगतात, 1964 साली मिलवॉकीतल्या घरी फरशीवरच्या लिनोलियमवर बसून त्या टीव्हीवर ऑस्कर सोहळा पाहत होत्या. सिडनी पॉइटिए या कृष्णवर्णीय नटाला पुरस्कार मिळाला. एका काळ्या माणसाचा असा सन्मान त्या लहान मुलीने कधी पाहिला नव्हता. आणि तेव्हाच आई दारातून आत आली, दुसऱ्यांची घरं साफ करून दमलेली.

मी फक्त थांबले. आमच्या कामात थांबता यायला फार वर्षं लागतात.

"माझी आई पंचवटीत चार घरची धुणीभांडी करायची," त्या म्हणाल्या. "अडीच वाजता घरी यायची. पदर ओला, बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली. कपबशी धरताना बोटं नीट वाकायची नाहीत, म्हणून बशी मी धरायचे."

"बँकेत कुणाला माहीत आहे?"

"नाही. आई घरीच असायची, असं सांगते."

"आणि कळलं तर?"

"कळेल त्यांना."

"काय कळेल?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "की मी त्यांच्यातली नाही."

हे ते वाक्य. रिव्ह्यू मीटिंगमध्ये गळा दाबून धरणारं, मुलाखतीच्या दिवशी पाय ओढणारं. हिरव्या शाईतल्या डायरीला त्याचा पत्ताच नव्हता, पण बोटाला होता. बोट बरोबर तिथे थांबत होतं. त्या दिवशी मला जे उमगलं ते मी आता प्रत्येकीला विचारते. भाषणातलं कुठलं वाक्य आवडलं, हे विचारत नाही. व्हिडिओ कुठे थांबवता, कुठे मागे नेता, कुठला भाग चुकवून पुढे पळवता, हे विचारते. आवडलेलं वाक्य बहुतेक वेळा सगळ्यांचं सारखंच असतं. थांबण्याची जागा ज्याची त्याची असते.

मग ते वाक्य आम्ही तपासायला घेतलं. 'त्यांच्यातली नाही' हे एका परीने खरंच होतं, मी खोटी समजूत घालत बसले नाही. पण त्यावरून 'म्हणून मी बोलू नये' हे कसं निघतं? आणि त्यांच्यातली नसल्यामुळे तुम्हाला असं काय माहीत आहे जे त्या मीटिंगमध्ये बाकी कुणालाच नाही? हा प्रश्न घेऊन त्या घरी गेल्या.

पुढच्या वेळी आल्या त्या हसतच. मीटिंगमध्ये बचत गटांच्या कर्जांचे हप्ते थकतात यावर नेहमीप्रमाणे 'बायकांना शिस्त नाही' असा सूर लागला होता. या बाई बोलल्या, "साहेब, यातल्या बऱ्याच जणी घरकाम करतात. त्यांचे पगार पाच ते दहा तारखेपर्यंत होतात. आपण हप्ता एक तारखेला ठेवलाय. तारीख बदलून बघू या." साहेबांनी विचारलं, हे कुठून कळलं? "घरातून," त्या म्हणाल्या. एवढंच. आईचं नाव नाही, भाषण नाही, डोळ्यांत पाणी नाही. मी असं बोला म्हणून सुचवलेलं नव्हतं, आणि याचाच मला जास्त आनंद आहे.

आता काही जणी विचारतात, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांचं दुःख वेगळं, आपलं वेगळं, त्यांच्यात आपण आपलं का शोधायचं? शंका रास्त आहे. त्याच ओप्रांच्या भाषणात पुढे रेसी टेलर या कृष्णवर्णीय बाईंची गोष्ट येते. 1944 साली अलाबामात चर्चमधून घरी जाताना सहा हत्यारबंद गोऱ्यांनी त्यांच्यावर बलात्कार केला, कुणालाही शिक्षा झाली नाही. भाषणाच्या दहा दिवस आधीच त्या वारल्या होत्या. हे दुःख उचलून आपल्या प्रमोशनच्या मुलाखतीला चिकटवायचं नसतं. ते त्यांचंच राहू द्यावं, मान खाली घालून ऐकावं. पण धागा मुळीच नाही असंही नाही. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी मोडायला झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांचं 2016 चं भाषण ऐका. त्या जनरल मोटर्स या मोटार कंपनीविरुद्धच्या एका जुन्या खटल्याची गोष्ट सांगतात. कंपनी म्हणाली, आम्ही काळ्यांना नोकऱ्या देतो आणि बायकांनाही देतो. देत होतीच. काळ्या पुरुषांना कारखान्यात, गोऱ्या बायकांना ऑफिसात. काळ्या बाईला कुठेच जागा नव्हती आणि कोर्टाला तिची तक्रार वेगळी म्हणून दिसलीच नाही. जात आणि बाईपण दोन्ही अंगावर घेऊन ऑफिसात बसणाऱ्या आपल्याकडच्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा भाषणं जरूर ऐका, पण एका रात्री एकच. झोपायच्या आधी ओळीने चार ऐकू नका, सकाळी चारही जणी उशाशी बसून जाब विचारतात. ऐकून झालं की टाळ्यांचं वाक्य उतरवू नका. 'मग मी स्वतःला काय म्हणाले' ते उतरवा. त्यात 'मग मला का जमत नाही' असलं काही सापडलं तर ते आपल्या हस्ताक्षरात आहे, बोलणाऱ्या बाईचं नाही, हे नीट बघा. तिने कुणाची मदत घेतली, किती वर्षं गेली, कुठे आपटली, हे ऐकायला पुन्हा एकदा लावा. दोन-तीन दिवसांत करता येईल असं एखादं लहानसं काम त्यातून निघालं तर उत्तम. नाही निघालं, तरी एक चांगलं भाषण ऐकलं म्हणायचं आणि झोपायचं. मात्र आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर मोबाइल ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. तिथे भाषणाचा उपयोग नाही.

बँकवाल्या बाई यंदा मुलाखतीला गेल्या. प्रमोशन झालं, त्याबरोबर धुळ्याला बदलीही झाली. परवा फोनवर सांगत होत्या की शोंडा राइम्स यांचं भाषण त्यांनी आईला मराठीत समजावून सांगितलं, विशेषतः मुली सांभाळणाऱ्या बाईंचे जाहीर आभार मानले तो भाग. आईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आभार मानले ते बरं केलं. पगार किती देते?"