दारू पिता का, या प्रश्नाला बिल जोडू नका

तुमचा प्रश्न असा आहे: सिगारेट ओढून, दारू पिऊन किंवा वाटेल तसं खाऊन ज्यांनी आजार ओढवून घेतला, त्यांच्या उपचाराचा खर्च त्यांनीच का करू नये? तुम्ही रोज पळता, कुठलंही व्यसन नाही, मग तुमचा कर आणि तुमचे विम्याचे हप्ते त्यांच्यावर का खर्च व्हावेत?

माझं म्हणणं, पैसे घ्यायचेच असतील तर दुकानात, कर म्हणून घ्या, खाटेपाशी घेऊ नका. मी सोळा वर्षं नर्स आहे, त्यातली बरीच सर्जरीच्या वॉर्डात गेली, आणि हे मत तिथेच पक्कं झालं.

पेशंट दाखल झाला की आम्ही हिस्टरी घेतो. आधीचे आजार, ॲलर्जी, चालू औषधं, मग व्यसनं. एका गृहस्थांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. "दारू घेता का?" म्हणून विचारलं. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग म्हणाले, "नाही." मी केसपेपरवर तसं लिहिलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. तिसऱ्या रात्री त्यांचे हात थरथरायला लागले, घामानं चादर ओली झाली, नाडी १३० च्या वर गेली. सलाइनची सुई उपटून ते उठले आणि भिंतीवरचे किडे झटकायला लागले. भिंतीवर काहीही नव्हतं. टाके तुटू नयेत म्हणून दोन वॉर्डबॉय आणि मी त्यांना धरून होतो. तेव्हा बायकोनं मला बाजूला घेतलं. "सिस्टर, हे रोज घेतात. कागदावर आलं तर विम्याचे पैसे मिळणार नाहीत, असं आम्हाला सांगितलं होतं."

वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की दोन-तीन दिवसांत असं होऊ शकतं. डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात त्याला, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. खरं उत्तर मिळालं असतं तर पहिल्या दिवसापासून गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व सुरू करून हे बहुधा टाळता आलं असतं. ते वाचले, पण चार दिवस आयसीयूत काढून. एका 'नाही'नं खर्च कितीतरी पटींनी वाढला, आणि तो शेवटी सगळ्यांच्याच पैशांतून गेला.

व्यसनाच्या रकान्याला पैसे जोडले की तो रकाना खोटा भरला जातो. माणसं वाईट असतात म्हणून नाही, घाबरतात म्हणून. आणि उपचार तर त्याच रकान्यावर चालतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो लागतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरची तपासणी कुणाची आधी करायची, हे रोजची पाकिटं गुणिले किती वर्षं ओढली, या हिशेबावर ठरतं. बिलाच्या भीतीनं लोक नुसतं खोटं बोलत नाहीत, उशिराही येतात. उशिरा आलेला पेशंट कधीच स्वस्तात बरा होत नाही.

आता 'स्वतःची निवड' या शब्दाबद्दल. तुम्ही पळता, चांगलंच करता. पण गुडघा दुखावला तर तीही तुमचीच निवड, आणि त्याचं बिल तुमच्या एकट्याच्या माथी मारावं असं कुणी म्हणत नाही. सिगारेट ओढणाऱ्या बहुतेकांनी पहिली सिगारेट विशीच्या आत ओढलेली असते. त्या पोराच्या निर्णयाचा दंड साठीतल्या माणसाकडून कसा वसूल करायचा? आणि किती? आयुष्यात सिगारेटला हात न लावलेल्यांनाही फुफ्फुसाचा कॅन्सर होतो. वडील, काका सगळे पन्नाशीच्या आत हार्ट अटॅकनं गेले अशा घरातला माणूस सिगारेटही ओढत असेल, तर त्याच्या अटॅकमधला सिगारेटचा वाटा नेमका किती, हे सांगणारी कुठलीही टेस्ट नाही.

खर्चाचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००८ मध्ये अख्ख्या आयुष्याचा वैद्यकीय खर्च एका मॉडेलवर मांडून पाहिला. सगळ्यांत जास्त खर्च निघाला निरोगी राहणाऱ्यांचा, कारण ते जास्त जगतात आणि म्हातारपणाचे आजार काढतात. सगळ्यांत कमी, सिगारेट ओढणाऱ्यांचा. हा आकडा वाचून मला आनंद झाला नाही. कमी खर्च झाला म्हणजे माणसं लवकर गेली. पण 'त्यांचा भार आमच्यावर' ही तक्रार निदान तपासून घ्यावी.

काही ठिकाणी रेषा आखलेली आहे. जर्मनीच्या कायद्यात टॅटू, पिअर्सिंग किंवा निव्वळ सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनमधून आजार उद्भवला तर पेशंटला खर्चाचा वाटा उचलावा लागतो. सिंगापूरनं ८ डिसेंबर २०२१ पासून, घेता येत असूनही कोविडची लस न घेतलेल्यांना उपचाराचं बिल भरायला लावलं. या नियमानं मी बराच काळ अडखळले. लस फुकट होती, सूचना आधी दिली होती, वैद्यकीय कारणानं लस न घेता येणाऱ्यांना वगळलं होतं. व्यसनात यातलं काहीच नसतं. तिथे एक दिवस, एक निर्णय असा दाखवताच येत नाही. तरीसुद्धा, श्वास लागलेल्या माणसाला ऑक्सिजन लावताना बिलाचा विचार माझ्या डोक्यात यावा, असं मला वाटत नाही.

तुमचा न्यायाचा मुद्दा मी उडवून लावत नाही. म्हणून तर दुकान म्हटलं. ब्रिटननं एप्रिल २०१८ पासून गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला, १०० मिलिलीटरमागे ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असेल तरच. तो कंपन्यांवर होता, आणि कित्येकांनी तो लागू व्हायच्या आधीच साखर कमी केली. कुणाला हिस्टरी विचारावी लागली नाही, कुणाला लपवावी लागली नाही. दारू आणि तंबाखूवरचा कर असाच वाढवा, त्यातून व्यसनमुक्तीची केंद्रं चालवा, मी पहिली सही करीन.

भिंतीवरचे किडे झटकणाऱ्या त्या गृहस्थांनीही वीस वर्षं प्रत्येक बाटलीमागे कर भरलेलाच होता. शुद्धीवर आल्यावर मी पुन्हा केसपेपर घेऊन बसले, रोज किती घेत होता ते विचारलं. या वेळी त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. आकडा सांगितला, आणि मी लिहून घेतला.