वाचक विचारतात : सामाईक चराईला मर्यादा कशी घालावी?

प्रश्न : आमच्या गावची ई-क्लास जमीन (गुरचराईची सरकारी जमीन) दिवाळीतच उजाड होते. स्वित्झर्लंडच्या खेड्यांत गावकुरणं शतकानुशतकं टिकली म्हणतात, ती कशी? – एक पशुपालक, जि. वाशीम

उत्तर : व्हाले प्रांतातल्या टोर्बेल गावाने १४८३ मध्ये कुरण, जंगल आणि पडीक जमिनीसाठी लेखी करार केला. १५१७ चा नियम खरा मोलाचा : हिवाळाभर घरच्या चाऱ्यावर जितक्या गायी पोसाल, तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावर सोडायच्या. जास्त सोडल्या तर दंड. गायी वर निघाल्या की लगेच मोजणी व्हायची, कारण त्यांच्या दुधाच्या चीजचं वाटप त्याच आकड्यावर.

आपल्याकडे टंचाई उन्हाळ्यात, म्हणून हिशेब उन्हाळ्याच्या चाऱ्याचा करा. गायीला रोज ५ किलो कोरडा चारा धरा. फेब्रुवारी ते मे, १२० दिवसांचे ६ क्विंटल. घरात १८ क्विंटल कुटार-कडबा असेल तर सामाईक जमिनीवर तीनच गायी सोडायच्या. पावसात भिजून बुरशी धरलेलं सोयाबीनचं कुटार यात मोजू नका, हिशेब तिथंच फसतो.

मात्र हा नियम जशाच्या तसा लावला तर घरचा चारा नसलेल्या भूमिहीनाची शेळी पहिली हाकलली जाईल. त्यांचा वाटा आधी ठरवा, मग ग्रामसभेत ठराव घ्या. मोजणी गायक्याकडे (गावच्या गुराख्याकडे) द्या; कोणाची किती जनावरं हे त्याला रोज दिसतं.