एकाच गावात चार रात्री राहा

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त, वय 64 आणि 60. काही वर्षांपूर्वी ग्रुप टूरबरोबर स्वित्झर्लंडला गेलो होतो. बर्फातलं उंच रेल्वे स्टेशन युंगफ्राऊयोख एका दिवसात उरकलं. परतताना गाडीच्या खिडकीतून दिसलेली लाकडी घरांची गावं आणि त्यांच्यामधून गेलेल्या पायवाटा अजून डोळ्यांसमोर आहेत. आता अशाच एखाद्या गावात राहून चालायचं आहे. सिंहगड महिन्यातून एकदा चढतो, पण उतरताना हिचे गुडघे बोलतात. दोघेही शाकाहारी. कोणतं गाव निवडावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा ‘उरकलं’ हा शब्द मला लागला, कारण पहिल्या खेपेला मीही तेच केलं. वेंगेनमध्ये दोनच रात्री होत्या. गावावरच्या मेनलिखेन डोंगराच्या रोपवेचं तिकीट आधीच काढलेलं, म्हणून धुक्यातच वर गेलो. दहा पावलांवरची दिशादर्शक पाटीही दिसेना. तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश लख्ख उघडलं, समोर युंगफ्राऊचं शिखर झळाळत होतं, आणि आम्ही बॅगा घेऊन स्टेशनवर उभे. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, एकाच गावात किमान चार रात्री घ्या आणि कोणत्या दिवशी कुठे जायचं हे घरून ठरवून जाऊ नका. सकाळी हवा बघून ठरवा. शिखरांवरचे कॅमेरे मोबाईलवर थेट दिसतात. चहा पिता पिता ते बघायचे आणि निघायचं.

गाव मी म्यूरेन सांगेन. लाउटरब्रुनेनची दरी मुळात अशी आहे, की तळ साधारण 800 मीटरवर आणि दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे. श्टाउबबाख धबधबा जवळजवळ 300 मीटर कोसळतो. वारा असेल तर पाणी वाटेतच भुरभुरून जातं, आपल्या पावसाळी कड्यांवर जातं तसं. कड्यांच्या वर जी सपाटी आहे तिच्यावर गावं वसलीत. एका अंगाला 1,274 मीटरवर वेंगेन, समोरच्या अंगाला 1,638 मीटरवर म्यूरेन. दोन्हीकडे पर्यटकांच्या गाड्या जात नाहीत. म्यूरेनची छोटी रेल्वे 1891 पासून चालते. वेंगेन मोठं आहे, गजबजही जास्त. म्यूरेनच्या बाकावर बसलात की दरीपलीकडे आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ ओळीने उभे. आणखी काही नाही केलं तरी चालेल, असं ते ठिकाण आहे.

आता गुडघे. तिथे एक मोठी सोय आहे, नको असलेला उतार रोपवेवर सोपवता येतो. पहिल्या दिवशी ग्रूचआल्पपासून, म्हणजे म्यूरेनची रेल्वे जिथून सुटते तिथून, म्यूरेनपर्यंत रेल्वेच्या कडेकडेने चाला. सव्वा तासाची वाट, चढ अगदी हलका. मध्ये विंटरएग स्टेशनला थांबून ताक प्यायल्यासारखं निवांत दूध प्या, चीज तिथेच बनतं. दुसऱ्या दिवशी रोपवेने गिमेलवाल्डला उतरा आणि चालत वर या, म्हणजे पावणेतीनशे मीटरचा चढ मिळतो आणि उतरणं टळतं. हवा स्वच्छ असेल तो दिवस मात्र मेनलिखेनसाठी राखून ठेवा. तिथून क्लाइन शाइडेग या खिंडीतल्या स्टेशनपर्यंत साडेचार किलोमीटर, दीड तास, उतार असला तरी अगदी मंद. आयगरची भिंत पावलागणिक जवळ येत जाते. परत यायला रेल्वे आहे.

पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते, आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. आपण दीडपट धरावी. नुसती पिवळी पाटी म्हणजे सोपी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला तर वाट अरुंद आणि चढाची असू शकते. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर वळा. ते दोर आणि बर्फाचं काम जाणणाऱ्यांसाठी आहे. काठ्या दोघांनीही घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगते. गिमेलवाल्डच्या उतारावर एक आजोबा लांब दांड्याचं कोयतं फिरवून गवत कापताना मी पाहिले. इतका तीव्र उतार की यंत्र चालणं कठीण. प्रत्येक फटक्यासरशी गवत एका रेषेत आडवं होत होतं, आणि त्यांची सून ते दाताळ्याने खाली ओढत होती. गोठ्यातल्या गाईंचा हिवाळ्याचा चारा तो. फोटोसाठी आपण ज्या फुलांच्या कुरणात घुसतो, ते त्यांचं उभं पीक असतं. आपल्या भाताच्या खाचरात कुणी शिरलं तर? वाट सोडू नका.

जेवणासाठी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या; म्यूरेनमध्ये किराणा मिळतो. पोहे, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला न्या. तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका, भारतातून दुग्धजन्य पदार्थ तिथे नेता येत नाहीत. मी तिथलंच लोणी कढवते. त्या तुपाचा वास घरभर दरवळतो. बाहेर रोश्टी, म्हणजे बटाट्याचा कीस परतून केलेला जाड थर, निर्धास्त मागवा, फक्त ‘श्पेक’ नको म्हणा, ते डुकराचं मांस असतं. काटेकोर शाकाहारी असाल तर ग्रुयेरसारखी पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात, हेही माहीत असू द्या.

जूनअखेर ते सप्टेंबर हा काळ घ्या. मे महिन्यात वरच्या वाटांवर बर्फ असतं आणि बरेच रोपवे दुरुस्तीसाठी बंद. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाट होतो, म्हणून सकाळी लवकर निघा.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे. वाटेवर गाई मोकळ्या असतात असं ऐकलं, भीती आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घंटा बांधलेल्या गाई गरीब दिसतात, पण वासरू जवळ असेल तर लांबून वळसा घाला. मुलाला हात लावू देऊ नका, वासराला तर मुळीच नाही. बारीक तार दिसली तर तिच्यात वीज असते. फाटकाच्या प्लॅस्टिकच्या मुठीला धरून ती उघडायची आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा अडकवायची. हे काम मुलाकडेच द्या. आमचा नातू प्रत्येक फाटकापाशी आमच्या आधी धावत पोचायचा.