बॉलिंगचा बॉल कशाने पुसायचा?

(वाचकांचे प्रश्न, खेळाच्या सामानाविषयी)

या वेळी टपालात बॉलिंगच्या बॉलची पत्रं जास्त आली. उन्हाळा तोंडावर आहे, आणि नागपुरात बॉलचे निम्मे आजार उन्हाळ्यातच सुरू होतात, म्हणून ती सगळी एकत्र घेतो. माझं मत पहिलेच सांगून टाकतो: बाटलीवर पैसे घालण्याआधी दोन चांगले टॉवेल घ्या. इतकी वर्षं दुकानात बसून रॅकेटच्या तारा ओढल्या, बॅटी बांधल्या, आणि एक गोष्ट पाहिली. सामान खराब झालं की माणूस नवीन औषध विचारायला येतो. ते रोज पुसत होतो का, हे कोणी सांगत नाही.

प्रश्न: काकाजी, मी पुण्याच्या मित्राकडून १४ पौंडांचा वापरलेला रिअ‍ॅक्टिव्ह बॉल घेतला. सुरुवातीला मस्त वळायचा, आता शेवटपर्यंत सरळच जातो. ग्रुपमधले सगळे वेगवेगळं सांगून राहिले आहेत. कोणी थिनर म्हणतं, कोणी पेट्रोल, कोणी कारचं पॉलिश. परदेशी क्लीनरची छोटी बाटलीही महाग पडते. नेमकं काय घेऊ? (एक खेळाडू, प्रतापनगर)

उत्तर: काही घेण्याआधी बॉलला झालंय काय ते समजून घे. बॉल ज्या पट्टीवरून धावतो ती लेन. ज्या रेघेमागून बॉल टाकतात त्या फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ती ६० फूट असते. त्यातल्या पहिल्या चाळीसेक फुटांवर मशीनने तेल पसरवलेलं असतं, पुढचा भाग कोरडा. बॉल तेलावर घसरतो आणि कोरड्या भागावर पकड घेऊन वळतो. ही पकड देणाऱ्या रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनच्या कवचाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, आणि कोरं मडकं पाणी पितं तसं ते कवच लेनवरचं तेल पीत असतं. पोट भरलं की कोरड्या भागावरही ते घसरतच राहतं. तुझ्या बॉलचं हेच झालं असणार. मित्राने तो किती खेळून विकला, हे विचारलं होतंस का?

तेव्हा कामं दोन आहेत आणि त्यांची गल्लत करू नको. वरचं तेल काढणं हे रोजचं काम. आत मुरलेलं काढणं हे कधीतरी करायचं. बाटलीतली क्लीनरं पहिल्या कामाची. ती कितीही महागडी घेतली तरी तुझा आत्ताचा बॉल नुसत्या फवाऱ्याने पहिल्यासारखा होणार नाही.

रोजच्या कामासाठी मायक्रोफायबरचा टॉवेल. बॉल मशीनमधून परत आला की उजेडात धरून फिरव. अंगावर तेलाच्या बारीक कड्या दिसतील, एकीला लागून दुसरी, आणि दोन ठिकाणी सगळ्या एकमेकींना छेदून जातात. हा बॉलचा ट्रॅक. पुढचा टाकायच्या आधी या कड्या पुसल्याच पाहिजेत. टॉवेल एका जागी धरायचा आणि बॉल त्यात फिरवायचा. उलटं केलं तर तेल नुसतं इकडून तिकडे जातं. काही जण चामड्याचा शॅमी वापरतात, तोही चांगला. घरचा जुना टर्किश टॉवेल चालतो, फक्त तो फॅब्रिक सॉफ्टनरमधून काढलेला नको.

खेळ संपला की बॅगेत टाकण्याआधी एकदा क्लीनर. घरी जाऊन जेवून मग बघू म्हटलं, की तेवढ्यात तेल आत उतरतं. क्लीनर म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. बर्डीवर मोबाईल दुरुस्तीवाले बोर्ड धुवायला हेच वापरतात, त्यांना ‘आयपीए’ म्हटलं की कळतं. निम्मं पाणी घालून फवारणीच्या बाटलीत भर, बॉलवर मार, लगेच पुस. बॉल परत आणणाऱ्या पट्ट्याचे काळे डागही यानेच निघतात. हे पेट घेतं, म्हणून देवघराजवळ, गॅसजवळ नको, आणि खिडकी उघडी ठेव. सॅनिटायझर हा त्याला पर्याय नाही. त्यात हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं, ते बॉलवर बसतं.

तयार बाटली घ्यायचीच असेल तर स्टॉर्मचं रिअ‍ॅक्टा क्लीन किंवा पॉवरहाऊसचं क्लीन अँड डल ही जुनी, ओळखीची नावं आहेत. लेबलवर दोन गोष्टी वाच. रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनसाठी आहे का, आणि नुसतं क्लीनर आहे की चमकही देतं. साफ करून चकाकीही देतो म्हणणारं द्रव्य बॉलवर काहीतरी मागे सोडून जातं. ते पॉलिश असलेल्या बॉलला ठीक, मॅट बॉलला नको. कारचं पॉलिश तर अजिबात नको. त्यातलं मेण आणि सिलिकॉन छिद्रं बुजवतं, म्हणजे जे तेलाने केलं तेच तू पैसे देऊन करणार.

आता थिनर आणि पेट्रोल. ही जात कवचालाच मऊ करते. हे लोकांना फार आधी कळलंय. १९७३ साली अमेरिकेत डॉन मॅक्यून नावाच्या खेळाडूने प्लास्टिकचे बॉल मिथाइल इथाइल कीटोनमध्ये बुडवून मऊ केले, ते लेनला चिकटून वळायला लागले, आणि त्या वर्षीचा तो तिथल्या व्यावसायिक संघटनेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतरच बॉल किती कडक असावा हे उपकरणाने मोजायचे नियम आले. तेव्हा मऊ केलेला बॉल आज स्पर्धेत चालत नाही. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोनही याच रांगेतलं. बोटांच्या भोकांत चिकटवलेल्या ग्रिप काढायला ड्रिलिंगवाले, म्हणजे बॉलला भोकं पाडून देणारे, तेच वापरतात, म्हणजे ते आत गेलं तर तुझ्या ग्रिपचं काय होईल ते बघ.

राहिलं मुरलेलं तेल. त्यासाठी गरम पाण्याची बादली. आधी तिन्ही भोकं वॉटरप्रूफ टेपने नीट बंद कर, कडेने नख फिरवून दाब. बादलीच्या तळाशी एक टॉवेल घडी करून ठेव, कारण तुझा १४ पौंडांचा बॉल बुडणार. (१२ पौंडांच्या आतला तरंगतो. मग तो मधूनमधून फिरवत बसावं लागतं.) गीझरचं पाणी ५० ते ५५ अंशांचं असावं, ६० च्या वर कधीच नाही. थर्मामीटर नसेल तर असं समज, की हात घालवतो पण ठेववत नाही. पातेल्यात उकळलेलं पाणी ओतू नको. भांड्यांच्या लिक्विड साबणाचे चार थेंब टाक आणि वीसेक मिनिटं राहू दे. पाण्यावर तवंग आला तर समज, काम होतंय. काढून पुस, पाणी बदल, पुन्हा ठेव. तवंग यायचा थांबला की थांब. मग टेप काढून, भोकं खाली करून रात्रभर पंख्याखाली. उन्हात वाळवू नको. एवढं करूनही बॉल वळला नाही तर पृष्ठभाग गुळगुळीत झालाय; त्याचं उत्तर खाली आहे.

प्रश्न: आपल्या संत्र्याच्या सालीपासून केलेलं क्लीनर ऑनलाइन मिळतं. नैसर्गिक आहे म्हणतात. बॉलला चालेल? (एक वाचक, काटोल रोड)

उत्तर: संत्र्याचं साल फुग्याजवळ पिळून बघा. फुगा फुटतो. त्यातलं लिमोनिन रबर आणि प्लास्टिक विरघळवणारं असतं; थर्मोकोलवर थेंब टाकला तर खड्डा पडतो. संत्र्याचा अभिमान मलाही आहे, पण म्हणून साडेपाच-सहा किलोच्या महागड्या बॉलवर प्रयोग कशाला? साबणात वासापुरता अर्क असेल तर वेगळी गोष्ट. पण जोरदार डीग्रीझर म्हणून विकतात ते बॉलपासून लांबच ठेवा.

प्रश्न: माझा मुलगा कॉलेजात आहे, बॉलिंग खेळतो. त्याच्या बॉलला भोकापासून केसासारखी चीर गेली आहे. क्लीनर बदललं होतं, त्यामुळे झालं का? बॅग बहुतेक गाडीच्या डिकीतच असते. (एक आई, मनीषनगर)

उत्तर: ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. क्लीनरला दोष देऊ नका.

बॉल म्हणजे आत गाभा आणि वर कवच, दोन्ही वेगळ्या पदार्थांचे. उष्णतेने दोघं वेगवेगळे प्रसरण पावतात. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. २०१३च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश नोंदले गेले. (२०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले, पण सेन्सर चुकल्याचं हवामान खात्यानेच नंतर सांगितलं. ५६ नसले तरी आपण भाजून निघालोच होतो.) उन्हात उभ्या बंद गाडीत याहून कितीतरी जास्त तापतं. तिथून बॉल निघतो तो थेट मॉलच्या एसीत, आणि तापलेल्या अवस्थेतच लेनवर आपटतो. ड्रिल केलेल्या भोकांच्या कडा सगळ्यात नाजूक, चीर तिथूनच निघते. उष्णतेने आत मुरलेलं तेल आणि रेझिनमधलं मऊपणा राखणारं द्रव्यही बाहेर येतं. उन्हाळ्यात बॉल ‘घामेजलेला’ लागतो तो यामुळे. असा बॉल थंड होऊ द्यावा आणि मग पुसावा.

चीर वरवरची आहे की आत गेली, हे ड्रिलिंग करणाऱ्याला दाखवा. तो ती भरून, घासून देऊ शकतो. गाभ्यापर्यंत गेली असेल तर पैसे घालू नका. आणि भरून आणलेला बॉल पुन्हा डिकीत टाकू देऊ नका. घरात पलंगाखाली, रबरी रिंगवर ठेवावा, अधूनमधून बाजू बदलून. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नको. तसाच ओला टॉवेल बॉलसोबत बॅगेत कोंबायची सवयही मोडावी लागेल. कॉलेजच्या मुलाला हे सांगणं कठीण आहे, मला माहीत आहे.

प्रश्न: माझा मित्र डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. त्याच्याकडे बफिंग मशीन आहे आणि २००० नंबरचा वॉटर पेपर. त्याच्याकडून बॉल नवा करून घेऊ का? (एक खेळाडू, सक्करदरा)

उत्तर: मशीन नको. ते एका जागी दोन-तीन सेकंद जास्त टेकलं तर कवच भाजतं किंवा तिथे सपाट होतं, आणि बॉल गोल नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.

पेपरबद्दल बोलू. बॉलिंगवाले बहुधा मिर्का या फिनलंडच्या कंपनीचे अ‍ॅब्रालॉन पॅड वापरतात: ५००, १०००, २०००, ३०००, ४०००. आकडा लहान तितका पृष्ठभाग खरखरीत, आणि बॉल लवकर पकड घेतो. आकडा मोठा किंवा वर पॉलिश, तर तो लांब घसरून उशिरा वळतो. पॅडच्या मागे फोम असतो, त्यामुळे तो बॉलच्या गोलाईवर बसतो. वॉटर पेपर बसत नाही, बोटांच्या दाबाने त्यात चर पडतात. कार डिटेलिंगवाल्यांकडे फोमचे पॅड असतात, मित्राला ते विचारा.

आधी बॉल स्वच्छ करा, नाहीतर तेल पॅडला लागून तो लगेच बुजतो. मग कंपनीने हा बॉल कुठल्या फिनिशवर विकला होता ते बघा, तिथपर्यंतच परत न्यायचं. समजा तो २००० अ‍ॅब्रालॉनचा असेल. १००० ने सुरुवात करा, पाणी सोडत राहा, हलक्या हाताने घासा, बॉल वळवत चारही बाजू सारखा वेळ द्या. मग तेच २००० ने. मध्ये एकदा धुऊन पुसा, म्हणजे आधीचे कण राहणार नाहीत. उजेडात आडवा धरून पाहा. एखादी बाजू जास्त चमकत असेल तर ती राहिली. बॉल फिरवायचं स्पिनर मशीन ज्याच्याकडे आहे त्याने केलं तर एकसारखं होतं, पण ते शोधायला मुंबई-पुण्याकडे पाहावं लागतं. दर आठवड्याला घासू नका. कवच प्रत्येक वेळी थोडं झिजतं आणि ते परत येत नाही.

प्रश्न: स्पर्धेत दोन गेमच्या मध्ये स्प्रे मारला तर चालतो का? (एक वाचक, धंतोली)

उत्तर: अमेरिकेतल्या यूएसबीसी या बॉलिंग संघटनेच्या नियमांत आता खेळ सुरू असताना फक्त कोरडा टॉवेल चालतो. द्रव क्लीनर आधी किंवा नंतर, तेही चालणाऱ्यांच्या यादीतलं. पॅडने घासणं तर खेळ सुरू झाल्यावर बंदच. आपल्याकडच्या स्पर्धेला जाल तेव्हा आयोजकांना आधी विचारा. मात्र कोरडा टॉवेल घेऊन गेलात तर कुठेच अडचण येणार नाही.

प्रश्न: माझा स्वतःचा बॉल नाही. मॉलमधल्या बॉलवर खेळते. मी यातलं काही घेऊ का? (एक विद्यार्थिनी, महाल)

उत्तर: काही नको. तिथले बहुतेक बॉल पॉलिएस्टरचे असतात. ते तेल पीत नाहीत आणि फारसे वळतही नाहीत. रुमालाने पुसलं की झालं. तर्री-पोहे खाऊन आली असशील तर हात आधी धू, आणि अंगठ्याचं भोक ओल्या कपड्याने आतून पुसून घे. दिवसभरात त्यात कोणाकोणाचे अंगठे जाऊन आले, कोण जाणे.