माळ्यावरचा कीबोर्ड आणि एक मोकळी वायर

प्रश्न : माळ्यावर सेलवर चालणारा जुना छोटा कीबोर्ड सापडला. सर्किट बेंडिंगबद्दल, म्हणजे सर्किटमध्ये मुद्दाम भलत्या जोडण्या करून नवे आवाज काढण्याबद्दल, ऐकलं आहे, पण इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो नाही. काही कळत नसताना त्यात हात घातला तर चालेल का?

चालेल. या कलेचा उगमच तसा आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात रीड गझाला नावाच्या शाळकरी मुलाच्या टेबलाच्या खणात एक छोटा, उघडा अ‍ॅम्प्लिफायर पडला होता. तो धातूच्या कशाला तरी टेकला, शॉर्ट झाला आणि आपोआप सूर काढू लागला. चुकून शॉर्ट होऊन एवढं ऐकू येतं, तर मुद्दाम केलं तर काय होईल, हा प्रश्न त्याला पडला आणि त्याने आयुष्यभर तो सोडला नाही. 1992 मध्ये 'सर्किट बेंडिंग' हे नावही त्यानेच दिलं.

सुरुवात सेलच्या कप्प्यापासून करा. जुने अल्कलाइन सेल गळून पट्ट्यांवर पांढरट-हिरवट पापुद्रा धरलेला असतो. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन तो पुसा, मग स्वच्छ पुसून पूर्ण वाळू द्या. उघडण्याआधी आणि उघडल्यावर फोटो काढा, कारण स्पीकरच्या आणि सेलच्या बारीक वायर हमखास तुटतात आणि कोणती कुठे होती ते आठवत नाही.

आता त्यातली डेमोची धून चालू करा. सुमारे 1 किलोओमचा एक रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा छोटा भाग) घ्या, त्याच्या दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिपच्या वायर जोडा. एक टोक चिपच्या एखाद्या पायावर टेकवून ठेवा आणि दुसरं बाकीच्या पायांवरून एकेक करत फिरवा. बहुतेक ठिकाणी काहीच होणार नाही. मग अचानक ढोलकाचा ठेका अडखळेल किंवा पियानोच्या जागी खरखरीत, पत्र्यासारखा सूर येईल. असं का होतं, तेही सांगतो. जुन्या कीबोर्डमध्ये मेमरीत साठवलेले आकडे वाचून आवाज तयार होतो. कोणता आकडा वाचायचा हे ठरवणाऱ्या रेषा गुंतवल्या की चिप भलत्याच जागचं वाचते आणि एका वाद्याचं शेपूट दुसऱ्याला चिकटतं. आकडा वाहून नेणाऱ्या रेषा गुंतवल्या की आकडाच बिघडतो आणि आवाज करकरीत होतो.

सेलच्या दोन टोकांना थेट जोडलेल्या जागा मात्र वगळा. चिप गरम लागली, दिवा मंदावला किंवा स्पीकरमधून 'ठप्प' असा आवाज आला, तर वायर लगेच उचला आणि सेल काढा.

प्रश्न : सेल महाग पडतात. अडॅप्टर लावून प्रयोग केला तर?

नको. भिंतीतल्या विजेला जोडलेलं कोणतंही यंत्र उघडं ठेवून त्यावर बोटं फिरवायची नाहीत. या नियमाला माझ्याकडे अपवाद नाही. सेलवर चालतं तेच वाकवायचं.

प्रश्न : बोलक्या खेळण्याचा आवाज खाली-वर करायला वेगाचा रेझिस्टर काढून तिथे पॉट (फिरवून रेझिस्टन्स कमी-जास्त करता येणारा नॉब) लावला. छान चालतं, पण पॉट एका टोकाला नेला की खेळणं गप्प होतं. सेल काढून घातले तरच सुरू होतं.

तुमचं काम बरोबर झालं आहे, फक्त त्याला लगाम नाही. हा रेझिस्टर चिपच्या घड्याळाचा, म्हणजे ती ज्या ठोक्यावर काम करते त्याचा, वेग ठरवतो. रेझिस्टन्स कमी केला की घड्याळ पळतं आणि पॉट शून्यावर गेला की ते इतकं पळतं की चिपला झेपत नाही. म्हणून पॉटला एकापुढे एक असा (सिरीजमध्ये) एक कायमचा रेझिस्टर जोडा. मूळ रेझिस्टरच्या निम्म्या ओमपासून सुरू करा आणि कानाने ठरवा. सेलच्या वायरमध्ये दाबून धरलं असेपर्यंत वीज तोडणारं एक बटणही बसवा, म्हणजे अडकलेलं खेळणं सेल न काढता जागं होईल. काही खेळण्यांत ते काही सेकंद दाबून ठेवावं लागतं.

खरी मजा दुसऱ्या टोकाला आहे. प्राण्यांचे आवाज काढणाऱ्या एका खेळण्यात मी जास्त रेझिस्टन्सचा पॉट लावला होता. कोंबड्याचं आरवणं हळू करत गेलो. आधी ती गाय झाली, मग जड लाकडी दार उघडल्यासारखी करकर आणि शेवटी नुसत्या टिचक्या, एकामागून एक, मोजता येतील अशा. आरवण्याची एकेक पायरी सुटी ऐकू येत होती. त्या संध्याकाळी मी दुसरं काहीच केलं नाही.

प्रश्न : नवीन खेळणं उघडलं तर पाय असलेली चिपच नाही, काळा डांबरासारखा ठिपका आहे. वायर कुठे लावायची?

त्या ठिपक्याखालीच चिप आहे, आणि तिच्या आतल्या रेषांपर्यंत आपण पोहोचू शकत नाही. ठिपक्याच्या आसपास रेझिस्टर असेल तर आशा आहे. आवाज चालू असताना ओलसर बोट सर्किटच्या पाटीच्या मागच्या सोल्डरच्या ठिपक्यांवर फिरवा. जिथे सूर वर चढेल तिथे वेगाचा रेझिस्टर जोडलेला असतो, कारण तुमचं बोट त्याला समांतर वाट देतं. कुठेच फरक पडला नाही तर घड्याळ चिपच्या आतच आहे. ते खेळणं सोडून द्या.

प्रश्न : दोन तास वायर फिरवून अफाट आवाज सापडले. दुसऱ्या दिवशी एकही परत मिळाला नाही. ज्यावर तोच सूर दुसऱ्यांदा वाजत नाही, त्याला वाद्य म्हणायचं का?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, तुम्ही लिहून ठेवलं नाही. पाटीचा फोटो छापून घ्या, ठिपक्यांना आकडे द्या आणि वहीत '7 ते 22 : घंटा, मग गोंगाट' अशा नोंदी करा. मी सोल्डरिंग आयर्न वही भरल्यावरच तापवतो. चाळीस जोड्यांपैकी पाच-सहा निवडतो, त्यांना स्विच लावतो आणि बाकीच्या सोडून देतो. सगळेच आवाज ठेवलेलं खेळणं वाजवायला अवघड जातं.

दुसरी गोष्ट, काही आवाज खरोखरच परत येत नाहीत. चिप त्या क्षणी मेमरीत कुठे होती यावर ते अवलंबून असतात. पण हाताला उत्तर देतं ते वाद्य, असं मी मानतो. डच वाद्यकार मिशेल वाइसविझ यांचा क्रॅकल बॉक्स घ्या. अ‍ॅमस्टरडॅममधल्या स्टाइम या संस्थेत 1970 च्या दशकात घडलेल्या या डबीवर धातूच्या सहा पट्ट्या आहेत, आणि बोटं ठेवली की वाजवणाऱ्याचं शरीरच सर्किटचा भाग होतं. बोटं कोरडी की ओली, दाब किती, यावर सूर बदलतो. तुम्हीही दोन चांगल्या ठिपक्यांपासून वायर काढून बाहेर दोन पितळी स्क्रूंना जोडा. दोन्हींवर बोटं ठेवून दाब कमी-जास्त करा. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं वाजवलंत की कोणत्या दाबाला सूर कुठे जातो, हे हाताला कळायला लागेल.

प्रश्न : 1978 चा स्पीक अँड स्पेल (बोलून स्पेलिंग शिकवणारं खेळणं) मिळाला आहे, अगदी चालू स्थितीत. त्यालाच हात घालू का?

मोह समजतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या या खेळण्यात माणसाचा आवाज जसाच्या तसा साठवलेला नाही. घशाचा आणि तोंडाचा आकार क्षणोक्षणी कसा बदलतो याचे आकडे आहेत आणि त्यांवरून चिप बोलणं घडवते. ते आकडे चुकवले की कोणत्याच माणसाचा नसलेला घसा बोलू लागतो. बेंडिंग करणाऱ्यांचं ते लाडकं खेळणं आहे ते यामुळेच. तरी पहिलं खेळणं म्हणून हे नको. आधी मोडकळीला आलेली चार-पाच खेळणी वाकवा, एखाद्याची चिप जळली तरी चालेल.

मग उघडाल तेव्हा पाटीवरची एकही रेष कापू नका, फक्त वायर जोडा. काढलेला प्रत्येक भाग आणि तुमच्या वहीतल्या पानाची प्रत छोट्या पिशवीत घालून झाकणाच्या आत चिकटवा, म्हणजे पुढे कुणाला ते मूळ रूपात हवं असेल तर करता येईल.