आधी खुर्ची, मग ब्रेक, मग स्टिअरिंग

प्रश्न : ताई, कंट्रोलरवर मी ग्रान टुरिस्मो ७ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम बऱ्यापैकी खेळायचो. हौसेनं लॉजिटेकचं जी२९ हे स्टिअरिंग व्हील पेडलांसकट घेतलं, अभ्यासाच्या टेबलाला लावलं, समोर चाकांची खुर्ची ठेवली. तेव्हापासून गाडी प्रत्येक वळणावर बाहेर जाते आणि लॅपला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो. मित्र म्हणतात, स्वस्तातली व्हील्स अशीच, सरळ डायरेक्ट ड्राइव्ह (थेट मोटरवर बसवलेलं व्हील) घे. हे विकून टाकू का?

उत्तर : विकू नका. आधी ती खुर्ची बदला.

मी बरीच वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं. शिकाऊ माणूस गाडीत बसला की आमचं पहिलं काम सीट पुढे-मागे करून पाय ब्रेकवर नीट पोचतोय ना ते बघायचं. स्टिअरिंगला हात त्यानंतर. चाकांच्या खुर्चीत तुम्ही जोरात ब्रेक दाबता तेव्हा अर्धा जोर खुर्ची मागे ढकलण्यात जातो, आणि दर वेळी ती वेगवेगळी सरकते. मग पायाला सवय लागणार तरी कशाची?

त्यातून जी२९ चा ब्रेक मुद्दाम कडक केलेला आहे. आत रबराचा ठोकळा आहे. पेडल सुरुवातीला सहज खाली जातं आणि मग एकदम अडल्यासारखं होतं. बरेच जण तिथेच थांबतात, त्यांना वाटतं ब्रेक पूर्ण लागला. पण आतला पोटेन्शिओमीटर पेडल किती खाली गेलं तेवढंच मोजतो. तुम्ही किती जोर लावला, हे त्याला कळत नाही. (महागड्या पेडलांत लोड सेल असतो, तो दाब मोजतो.) म्हणजे रबर दाबून पेडल आणखी खाली नेल्याशिवाय पूर्ण ब्रेक लागतच नाही. खेळताना स्क्रीनवर ब्रेकची पट्टी दिसते, ती बघा. सरळ रस्त्याच्या शेवटी सगळा जोर लावूनही ती भरत नसेल, तर गाडी बाहेर का जाते याचं उत्तर तुम्हाला मिळालं. काही जण तो ठोकळा काढून टाकतात. मी काढणार नाही. पाय किती खाली गेला यापेक्षा किती जोर लावला हे शरीराच्या लवकर लक्षात राहतं.

तेव्हा चार पायांची, पाठ टेकता येईल अशी खुर्ची घ्या. पेडलांची मागची कड भिंतीला टेकवा. खाली गालिचा असेल तर पेडलांच्या बुडाशी दुमडलेले दात असतात ते उघडा; गुळगुळीत फरशी असेल तर भिंतीला पर्याय नाही. कन्सोल सुरू झाल्यावर स्टिअरिंग स्वतःच दोन्हीकडे फिरून घेतं, तेव्हा त्याला हात लावू नका. ते थांबलं की तिन्ही पेडल एकेकदा तळापर्यंत दाबून सोडा, म्हणजे त्यांचं माप नीट बसतं.

आता हात. कंट्रोलरवर अंगठ्यानं काठी एकदम कडेला ढकलली तरी गेम चाकं तेवढी वळू देत नाही. वेग जास्त असेल तर गेमच वळण कमी करतो, झटके गुळगुळीत करतो. व्हील लावलं की ही मदत बरीचशी जाते. तुम्ही जेवढं फिरवाल तेवढं वळणार. त्यामुळे सवयीनं भस्सकन फिरवलं की पुढचे टायर घसरतात आणि गाडी सरळ निघून जाते. अशा वेळी माणूस आणखी फिरवतो. उलट करा : थोडं सरळ करा, टायरांना पकड परत घेऊ द्या. आणि ब्रेक वळणाच्या तोंडाशी एकदम सोडू नका. स्टिअरिंग जसं वळतंय तसा पाय हळूहळू उचला, म्हणजे पुढच्या टायरांवर भार राहतो आणि नाक आत येतं. निदान आठवडाभर एकच गाडी, एकच ट्रॅक ठेवा.

डायरेक्ट ड्राइव्ह वाईट म्हणत नाही. तुमच्या व्हीलचा हाताला जाणवणारा पिळाचा जोर साधारण २ न्यूटन मीटर, आणि त्या प्रकारातली सुरुवातीची व्हील्सही ५ च्या घरात. फरक हाताला कळतो. पण सरकणाऱ्या खुर्चीवर तेही वायाच जाईल.

प्रश्न : माझ्याकडे प्लेस्टेशन आहे. ओळखीत एकाकडे जी९२० पडून आहे, दिसायला हुबेहूब जी२९ सारखंच. चालेल ना?

उत्तर : नाही. जी९२० एक्सबॉक्सचं. कन्सोल समोरच्या व्हीलची ओळख तपासतो, परक्याला घेत नाही. थ्रस्टमास्टर या दुसऱ्या कंपनीतही टी१५० प्लेस्टेशनचं आणि टीएमएक्स एक्सबॉक्सचं. जी९२३ तर एकाच नावानं दोन वेगळ्या आवृत्त्यांत येतं, तेव्हा खोका नीट वाचा. मध्ये लावायचे ॲडॅप्टर मिळतात, मी त्यांच्या नादी लागणार नाही. कॉम्प्युटर असेल तर मात्र खुशाल घ्या, तिथे दोन्ही चालतात.

प्रश्न : मुलीला वाढदिवसाला व्हील द्यायचंय. फोर्स फीडबॅक (मोटरनं हाताला जोर जाणवून देणं) नसलेलं बरंच स्वस्त पडतं. त्याशिवाय अडतं का?

उत्तर : ती कधीतरी गंमत म्हणून गाड्या उडवणार असेल, तर अडत नाही. थ्रस्टमास्टरचं टी८०, होरीचं एपेक्स ही त्यातलीच. पहिलं २४० अंश फिरतं, दुसरं २७०, आणि सोडलं की आतल्या ताणामुळे मध्यावर परत येतं.

पण एक गोष्ट त्यात कधीच मिळत नाही. खऱ्या गाडीत वळणावर स्टिअरिंग जड होत जातं, आणि पुढच्या टायरांची पकड सुटायला लागली की हातात अचानक हलकं पडतं. गाडी घसरल्याचं डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळतं. फोर्स फीडबॅकची मोटर, कितीही साधी असली तरी, हे सांगते. ताणाच्या व्हीलला टायरांशी देणंघेणं नसतं. जितकं फिरवाल तितकं ते जड, पकड असो वा नसो. मुलीला लॅपची वेळ कमी करायचा नाद लागलेला असेल, तर थांबा, थोडे पैसे साठवा आणि थ्रस्टमास्टरच्या फोर्स फीडबॅकवाल्या टी१२८ च्या दर्जाचं काहीतरी घ्या. त्याला क्लच नाही, दोनच पेडल आहेत. तेवढी तिला पुरतील.